दुधाची अर्धी साक्ष

१. हनुवटीवरची चीर

गुरुवारी सकाळी आठ वाजता दाढी करताना घड्याळजींच्या हनुवटीवर वस्तरा जरासा निसटला. नऊ वाजले तरी रक्त थांबले नव्हते. थोरल्या बहिणीने, आक्कांनी, तुरटी लावली, सुनेने दाबपट्टी बांधली, धाकट्या भावाने बर्फ आणला. प्रत्येकाने इतर दोघांचा उपाय चुकीचा ठरवला आणि या वादात दोन टॉवेल लाल झाले. दहा वाजता डॉक्टर आले. त्यांनी रुग्णाची बाही वर सारली, तेव्हा दंडावरचे चार-पाच जांभळे डाग सर्वांना प्रथमच दिसले.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडे रक्त घेतले आणि भिंतीकडे पाहिले. घड्याळांच्या दुकानावरच्या त्या घरात वेळ पाहण्यासाठी भिंत शोधावी लागत नसे. रक्त गोठायला हवा त्याच्या तिप्पट वेळ लागला. त्यांनी ‘के’ जीवनसत्त्वाची सुई टोचली, नमुना प्रयोगशाळेकडे पाठवण्यासाठी बंद केला आणि हात धुताना सहज विचारल्यासारखे विचारले, “घरात उंदरांचं औषध आहे का?”

“आहे,” धाकटा भाऊ म्हणाला. “मीच आणलं. दुकानाच्या मागच्या फळीवर चार पुड्या आहेत.”

डॉक्टरांनी समजावून सांगितले की त्या विषाने हे जीवनसत्त्व निकामी होते आणि रक्त गोठणे थांबते. तसे असेल तर एका सुईने भागणार नाही. तिचा असर दोन दिवसांत ओसरेल आणि सुई कित्येक आठवडे देत राहावी लागेल. रोज रक्त तपासू, लागेल तशी देऊ, असे म्हणून ते निघाले. प्रयोगशाळेच्या अहवालाला आठवडा लागणार होता.

ते गेल्यावर तिघेही खाली गेले. फळीवर पुड्या तीनच होत्या.

२. सिंकमधला पेला

शुक्रवारी दुपारी सुनेने साबणमास्तरांना बोलावून घेतले. ते घड्याळजींचे तंत्रविद्यालयातले वर्गमित्र. चौतीस वर्षे त्यांनी साबणाच्या कारखान्यात तेले आणि चरबी तपासली होती, पुढे त्याच तंत्रविद्यालयात शिकवले होते. खरे नाव विसरले जावे इतका काळ सगळे त्यांना याच नावाने ओळखत. ते एकटे राहत आणि कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरातले सिंक पाहत. ही सवय वाईट आहे हे त्यांना ठाऊक होते.

सिंकमध्ये तीन बशा, एक सुरी आणि दोन पेले होते. एक साधा काचेचा. दुसरा पितळी, दांड्याचा. घड्याळजींचा हात थरथरत असल्याने ते त्यातूनच पीत. दोन्ही पेल्यांच्या तळाशी सफरचंदाच्या गराचा थर होता. मास्तरांनी दांड्याच्या पेल्यात बोट फिरवले. बारीक वाळूसारखे काहीतरी बोटाला लागले. साखर विरघळली नसावी, असे समजून त्यांनी बोट धुतले.

सून अर्धा दिवस औषधांच्या दुकानात काम करी आणि दुपारी सासऱ्यांच्या हाताखाली घड्याळे दुरुस्त करायला शिके. ती रडलेली नव्हती. तिने टेबलावर एक वही ठेवली. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात घड्याळजींचे स्वादुपिंड निकामी झाले, तेव्हापासूनच्या प्रत्येक कॅप्सूलची नोंद त्या वहीत होती. चरबी पचवणारा रस त्यांच्या शरीरात तयारच होत नव्हता. तो बाहेरून, कॅप्सूलमधून द्यावा लागे. पूर्वी ते कॅप्सूल जेवणाआधी तासभर घेत आणि ती वाया जाई. पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवणाच्या मध्यावर दुसरी, हे वेळापत्रक सुनेने बसवले आणि सहा महिन्यांत सासऱ्यांचे वजन नऊ किलो वाढले. सुनेने सासऱ्याला वाचवले, असे गल्लीत जो तो म्हणू लागला.

“आणि आता दोन महिन्यांत सात किलो उतरलं,” ती म्हणाली. “पोट पुन्हा पूर्वीसारखं बिघडलंय. संडासातल्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो, त्यांना सांगायची लाज वाटते. कॅप्सूल एकही चुकलेली नाही, मास्तर. पण औषधं माझ्या हातात आहेत, म्हणजे विषही माझ्याच हातात असणार, नाही का?”

तिचा नवरा दूरच्या वीजकेंद्रावर नोकरीला होता. घड्याळजींच्या धाकट्या भावाने त्याला फोन केला होता. रविवारी दुपारी तो येणार होता आणि अहवाल मिळेपर्यंत तिने माहेरी जावे, असे त्याने सांगितले होते. एकदा या कारणाने उंबरा ओलांडला की परतताना तो किती उंच झालेला असेल, हे तिने बोलून दाखवले नाही. मास्तरांना ते कळले.

तिला कुणाचा राग येतो का, असे त्यांनी विचारले. तिने थोडा विचार केला.

“राग नाही. गोळी ते माझ्या हातून घेतात, पाणी मात्र आत्यांकडे मागतात. जेवायला बसले की पहिला शब्द ‘आक्का’. दोन वर्षं झाली, मी वाट बघतेय.”

मग वही मिटता मिटता ती म्हणाली, “बाबा जगात एकट्या तुम्हाला घाबरतात. म्हणून बोलावलं.”

घरातल्या प्रत्येकाच्या औषधासाठी वहीत वेगळे पान होते. मास्तरांनी ती मागून घेतली. शेवटच्या पानावर पोहोचताच जिन्यावरून आवाज आला, “चौकशी फक्त वरच चालणार आहे, की खालच्या माणसालाही कुणी विचारणार?”

३. दुसरे टेबल

धाकट्या भावाने आपल्या डोळ्यावरचे भिंग काढले नाही. त्यामुळे तो एका डोळ्याने मास्तरांकडे पाही आणि दुसऱ्याने त्यांच्या आरपार. खिडकीजवळचे टेबल घड्याळजींचे होते. त्याच्या उजवीकडचे, चांगला उजेड असलेले दुसरे टेबल वीस वर्षे धाकट्याचे होते. आता दुपारी बारानंतर त्यावर सून बसे आणि त्याला दाराजवळ, गिऱ्हाइकांच्या छत्र्यांशेजारी जावे लागे.

त्याने बरेच सांगितले. त्याने नाकारलेले एक छोटे मनगटी घड्याळ तिने चार दिवसांत चालू केले. दादांनी ते सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवले. वीस वर्षांत दादांनी आपले एक तरी घड्याळ कुणाला दाखवले आहे का, हे त्याने मास्तरांना तीन वेळा विचारले. उंदरांच्या विषाबद्दल मात्र तो तुटक बोलत होता.

“चौथी पुडी कुठे गेली?”

“मला काय माहीत? ज्यांना औषधांतलं कळतं, ते वर राहतात.”

“तुम्ही फोनवर पुतण्याला हेच सांगितलंत?”

“मी फक्त पुड्या मोजून सांगितल्या,” तो म्हणाला आणि स्क्रू-ड्रायव्हर उगाचच पुसू लागला.

आक्का वरच्या मागच्या खोलीत वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. आई गेली तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि घड्याळजी चार. पासष्ट वर्षे भावाच्या पोटात काय गेले ते आपल्याला ठाऊक आहे, असे त्यांनी मास्तरांना बसायला सांगण्यापूर्वीच सांगून टाकले. मास्तरांच्या पुढ्यातही त्यांनी शेंगांचा ढीग सरकवला. या घरात रिकाम्या हाताने बसून बोलता येत नसे.

“ती चार गोळ्या मोजते आणि गावभर नाव होतं,” त्या म्हणाल्या. “मी दोन वर्षं त्याला सूप गाळून दिलं, ब्रेड भाजून दिला, सफरचंद किसून दिलं. ते कुणी वहीत लिहिलं?”

“तुम्हाला काय वाटतं, वजन का उतरलं?”

“लोणी. ती त्याला लोणी खायला सांगते. चरबी पचत नाही म्हणून माणूस आजारी, आणि वर आणखी चरबी. मला डॉक्टर ओरडतात, चरबी साठली की जीव जाईल म्हणून. मग ह्याला ती चांगली कशी?”

मास्तरांनी समजावण्याचा प्रयत्न केला की त्यांना झालेला आजार वेगळा आणि भावाचा वेगळा. आक्का ऐकत होत्या, पण शेंगा सोलण्याचा वेग वाढला होता. शेवटी त्या म्हणाल्या, “तुम्ही साबणवाले. पोटातलं तुम्हाला काय कळणार?”

हे वाक्य मास्तरांना त्या दिवशी फक्त झोंबले. रविवारी ते किती चुकीचे आहे, हे सिद्ध व्हायचे होते.

४. गुलाबी दूध

शनिवारी सकाळी मास्तर आपली जुनी पेटी घेऊन आले. विषाची वाट सोडून त्यांनी प्रथम कॅप्सूलवरच संशय घ्यायचे ठरवले. तवंग, वजन, पोट ही सारी चरबी पचत नसल्याची लक्षणे होती, आणि चरबी पचवण्याचे काम कॅप्सूलचे. कुणी आतले दाणे बदलले असतील तर सगळ्याचा उलगडा झाला असता.

सुनेसमोर त्यांनी एक कॅप्सूल उघडली. आत खसखशीपेक्षा थोडे मोठे, बदामी दाणे होते. निम्मे त्यांनी व्हिनेगरमध्ये टाकले, निम्मे खायच्या सोड्याच्या पाण्यात. खऱ्या दाण्यांवर एक कवच असते. जठराच्या आम्लात ते टिकते आणि पुढे आतड्यात, आम्ल संपल्यावर विरघळते. अर्ध्या तासाने व्हिनेगरमधले दाणे जसेच्या तसे होते, सोड्यातले फुटून पाणी गढूळ झाले होते.

मग त्यांनी कोमट दुधात चिमूटभर धुण्याचा सोडा आणि फिनॉल्फ्थलीन या रंगदर्शकाचे चार थेंब घातले. दूध गुलाबी झाले. त्यात ते गढूळ पाणी ओतले.

“दुधात चरबी असते,” ते म्हणाले. “कॅप्सूलमधला पाचकरस जिवंत असेल तर तो ती फोडेल. फुटली की आम्ल सुटेल आणि गुलाबी रंग जाईल.”

दोघे पेल्याकडे बघत बसले. दहाव्या मिनिटाला रंग फिका झाला, विसाव्याला दूध पांढरे शुभ्र होते. कॅप्सूल खरी होती, ताजी होती आणि जोमाने काम करत होती.

सुनेचा चेहरा उतरला. तिच्या हातातून गेलेले औषध निर्दोष ठरले होते, म्हणजे आता उरले होते फक्त विष.

दुपारी मास्तर डॉक्टरांना भेटले. घड्याळजींचे रक्त शुक्रवारी व्यवस्थित गोठले होते आणि आज, शनिवारीही. दुसरी सुई द्यावी लागली नव्हती. डोळे पिवळे नव्हते, लघवीचा रंग ठीक होता, शौचाचाही रंग नेहमीचा होता, तवंग तेवढा सोडून. प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय आपण कुणाविषयी काही बोलणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. निरोप देताना त्यांनी वैतागून पुस्ती जोडली, “त्या घरात सध्या कुणाचेच आकडे जागेवर नाहीत. आक्कांचं कोलेस्टेरॉल औषध चालू असून दोन महिन्यांत पुन्हा चढलंय. म्हणतात, वेळेवर घेते.”

“ते ‘के’ जीवनसत्त्व शरीरात जातं कसं?” मास्तरांनी दाराशी विचारले.

“पालेभाज्यांतून. पाण्यात विरघळत नाही ते. चरबीबरोबरच शोषलं जातं.”

मास्तर रस्त्यावर आले आणि पुढच्या कोपऱ्यावर, भर गर्दीत, एकाएकी थांबले. मागचा सायकलवाला त्यांना काय म्हणाला ते त्यांना ऐकू आले नाही. दुधाने त्यांना खरे सांगितले होते, पण अर्धेच.

५. तिसरा साक्षीदार

दुधातली चरबी ही निसर्गाने आधीच बारीक केलेली असते. लक्षावधी सूक्ष्म थेंब, एकमेकांपासून अलग. पाचकरसाला तिथे आयते काम मिळते. पण ब्रेडवरचे लोणी आणि सुपावरचे तेल पोटात पाण्यावर मोठ्या थेंबांनी तरंगते आणि पाचकरस पाण्यातला. तो थेंबाच्या फक्त पृष्ठभागाला लागू शकतो. थेंब जितका मोठा, तितका पृष्ठभाग अपुरा. म्हणून यकृत पित्त तयार करते. पित्त चरबीला पचवत नाही, ते तिला फोडून बारीक करते, थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही आणि पचलेल्या चरबीला आतड्याच्या भिंतीपर्यंत वाहून नेते. चौतीस वर्षे मास्तरांनी साबणाकडून हेच काम करून घेतले होते. आणि इतक्या उघड गोष्टीकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते.

पाचकरस होता. मग पित्त होते का? डोळे पिवळे नाहीत, शौचाचा रंग नेहमीचा, म्हणजे यकृत पित्त करत होते आणि ते आतड्यात उतरतही होते. तरीही चरबी फुटत नव्हती. याचा अर्थ एकच. पित्त उतरल्यानंतर, काम करण्यापूर्वी, वाटेत कुणीतरी ते पकडून नेत होते.

घरी जाऊन त्यांनी वही पुन्हा उघडली. एका पानावर औषधाच्या एका पुडीचे नाव होते, दिवसातून दोन, सफरचंदाच्या गरात. त्यांनी ते नाव औषधांच्या जाड पुस्तकात शोधले आणि तिथला परिच्छेद दोनदा वाचला. मग आपल्या उजव्या हाताच्या तर्जनीकडे पाहत ते बराच वेळ बसले. बोट धुतले नसते तर शुक्रवारीच सगळे उलगडले असते.

६. तीन बाटल्या

रविवारी सकाळी दहा वाजता घरातले चौघेही जेवणाच्या टेबलाभोवती बसले. सुनेची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. घड्याळजी खुर्चीत तिरपे बसले होते. सदऱ्याची कॉलर त्यांच्या मानेभोवती दोन बोटे सैल झाली होती.

मास्तरांनी आधी धाकट्याकडे पाहिले.

“विष दिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, विष असेल तर एका सुईचा असर दोन दिवसांत ओसरेल. आज तिसरा दिवस संपला, रक्त अजून नीट गोठतंय. शरीरात विष नव्हतं, जीवनसत्त्व कमी होतं. ते मिळालं आणि प्रश्न मिटला. आता तुम्ही सांगा, चौथी पुडी कुठे आहे?”

धाकट्याने भिंग नसलेल्या डोळ्यांनी टेबलाकडे पाहिले. “पाणी तापवायच्या टाकीमागे. सोमवारी मीच ठेवली, चार म्हणालो तेव्हा विसरलो होतो. अजून तशीच आहे.”

“गुरुवारी का नाही सांगितलंत?”

“नीट विचारलं नाही कुणी.”

“शुक्रवारी मी विचारलं होतं.”

सून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने मान वर केली नाही.

मास्तरांनी पेटीतून तीन सारख्या बाटल्या काढल्या. कारखान्यात डाग काढायचा एक साबण बनत असे, त्यात प्राण्यांचे वाळवलेले पित्त घालत. त्याची एक बरणी त्यांच्याकडे उरली होती. पहिल्या बाटलीत त्यांनी नुसते पाणी आणि तेल घेतले. हलवून ठेवताच तेल वर येऊन त्याचे पिवळे कडे झाले. दुसऱ्या बाटलीत पाण्यात पित्त विरघळवले, तेल घातले, हलवले. जाड फेस आला आणि पाणी दुधासारखे पांढरे होऊन तसेच राहिले.

“हे पित्ताचं काम. असं पांढरं झालं तरच कॅप्सूलला चरबी पचवता येते. आता तिसरी.”

तिसऱ्या बाटलीतही पित्ताचे पाणीच होते. त्यांनी खिशातून, औषधांच्या दुकानातून आणलेली, वहीतल्या नावाची एक पुडी काढून त्यात रिकामी केली. ती विरघळली नाही, बारीक वाळूसारखी फिरत राहिली. थोडा वेळ हलवून त्यांनी ते पाणी कापडातून गाळले, गाळलेल्या पाण्यात तेल घातले आणि बाटली जोराने हलवून टेबलावर ठेवली. फेस आला नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तेल वर सरकले आणि पहिल्या बाटलीसारखेच पिवळे कडे धरून बसले.

“पुडीने पित्त पकडलं आणि ते कापडावर राहिलं. शरीरातही ती हेच करते. पित्ताला धरून बाहेर नेते. मग यकृताला नवं पित्त करावं लागतं, त्यासाठी रक्तातलं कोलेस्टेरॉल खर्च होतं. ज्याचं कोलेस्टेरॉल जास्त, त्याला हे औषध उत्तम. पण ज्याचं स्वादुपिंड आधीच गेलंय, त्याचं पित्तही नेलं तर त्याने चरबी पचवायची कशाने? चरबी गेली, तिच्याबरोबर जीवनसत्त्व गेलं, वस्तरा लागला आणि रक्त थांबेना.”

सून हळूच म्हणाली, “ही पुडी घरात एकाच माणसाला आहे. पण वहीप्रमाणे सगळ्या संपल्यात.”

“संपल्यात. पण जिच्या नावावर संपल्यात तिचं कोलेस्टेरॉल दोन महिन्यांत पुन्हा चढलंय. पुड्या फुटल्या, पण भलत्या पोटात गेल्या. शुक्रवारी हाच चुरा मला दांड्याच्या पेल्यात लागला. मी त्याला साखर समजलो.”

आता कुणी आक्कांकडे पाहत नव्हते. आक्का मात्र तिसऱ्या बाटलीकडे एकटक पाहत होत्या.

“डॉक्टर म्हणाले होते, ही पूड चरबी बाहेर काढते,” त्या म्हणाल्या. “ह्याच्या पोटात चरबीच बाधत होती ना? म्हटलं, देऊन बघू. तिच्या गोळ्यांनी नाही, माझ्या पुडीने पूर्ण बरा झाला, असं महिन्याने सांगणार होते सगळ्यांना.” त्यांनी पदरासारखा धरलेला टेबलावरचा रुमाल सोडला. “मग तो खंगायला लागला. मला वाटलं, एक कमी पडतेय. म्हणून दोन्ही त्यालाच द्यायला लागले.”

“आणि माझ्यावर आलं तेव्हा?” सुनेने विचारले.

“विष म्हणाले तेव्हा मलाही वाटलं, तूच.” आक्कांचा आवाज प्रथमच खाली आला. “खरं सांगते. वाटलं आणि बरं वाटलं.”

दुकानातली सगळी घड्याळे खाली अकराचे ठोके देऊ लागली. ती कधीच एकाच क्षणी वाजत नसत, त्यामुळे ठोके संपायला वेळ लागला.

मग घड्याळजी बोलले. “मला वाळू लागायची दातांत.”

“मग विचारलं का नाही, बाबा?”

“आक्काने दिलेलं मी कधी विचारून खाल्लं नाही.” त्यांनी सुनेकडे पाहिले आणि त्यांना कळले की पासष्ट वर्षांच्या या सवयीची शिक्षा तीन दिवस दुसऱ्याच कुणीतरी भोगली होती. त्यांनी दाराकडे बोट केले. “ती बॅग आत ने, धाकट्या. तूच ने. आणि मुलाला फोनही तूच कर. पुड्या मोजून सांगितल्यास ना, आता चौथी कुठे सापडली तेही सांग.”

धाकटा उठला. बॅग जड होती, पण कुणी हात लावला नाही.

७. वजनकाटा

पाच आठवड्यांनी मास्तर पुन्हा आले. घड्याळजींचे वजन तीन किलो वाढले होते. आक्कांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले की हा सगळा सुपाचा गुण. सुनेने जिन्यात गाठून सांगितले की कॅप्सूलची वेळ पाळली म्हणून. मास्तरांनी दोघींनाही सांगितले की काट्यावर फक्त आकडा येतो, नाव येत नाही.

सुनेने माफ केले आहे असे तिच्या वागण्यावरून दिसत नव्हते. दुसरे टेबल तिने संध्याकाळपुरते धाकट्याला परत दिले होते, पण त्याच्याशी ती फक्त घड्याळांविषयीच बोले. आक्कांची पुडी आता ती स्वतः कालवत असे, काचेच्या पेल्यात, आणि तळाचा शेवटचा कण पोटात जाईपर्यंत समोरून हलत नसे. मास्तरांनी हे प्रत्यक्ष पाहिले. आक्कांनी अर्धा पेला संपवून तो खाली ठेवला. सुनेने तो न बोलता पुन्हा त्यांच्या हातात दिला.

“पोलीस आहे नुसती,” ती गेल्यावर आक्का पुटपुटल्या. मग रिकाम्या पेल्याच्या काठावरून बोट फिरवत म्हणाल्या, “सगळ्यांना मी भरवलं हो, मास्तर. पण मी घोट घेतला की नाही, हे बघत कुणी असं उभं राहिलं नव्हतं.”

जेवायला थांबा, असा आग्रह झाला. घड्याळजी टेबलाशी बसले होते. पहिल्या घासाला सुनेने कॅप्सूलची डबी उघडली, एक कॅप्सूल काढली आणि आक्कांच्या तळव्यावर ठेवली. आक्कांनी ती भावाला दिली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सुनेनेही पाहिले, वेगळ्या घड्याळाकडे. दोन्हींत अर्ध्या मिनिटाचा फरक होता आणि त्यावरून दोघींत लगेच वाद सुरू झाला. कॅप्सूल गिळताना घड्याळजी मास्तरांकडे पाहून सुस्कारा टाकत म्हणाले, “बघितलंस? सुखाने घास गिळू देत नाहीत.”

मास्तर थांबले नाहीत. घरी एक अंडे उकडायचे आहे, असे सांगून ते जिना उतरले. खरे तर अंडेही नव्हते. वरून तो वाद अजून ऐकू येत होता. शेवटच्या पायरीवर ते क्षणभर उभे राहिले. आपल्या वर्गमित्राचा इतका हेवा त्यांना अख्ख्या तंत्रविद्यालयात कधी वाटला नव्हता.